'दिव्यांग' म्हटल्याने आपण सुटलो काय?



गेल्या अश्विनी पौर्णिमेच्या आठ-दहा दिवस आधीची गोष्ट आहे. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्यक्रमाची पत्रिका लिहिण्याचे काम आमच्या विहार समितीने माझ्याकडे दिले होते. मास्तर म्हटला की पत्रिका, ठराव, अहवाल ही कामे त्याच्याच गळ्यात पडतात. पाचव्या ओळीत मी लिहिले, 'वस्तीतील दिव्यांग व वयोवृद्ध बंधुभगिनींचा सत्कार.' लिहिताना मनाला समाधान वाटले. 'अपंग' लिहिले नाही, 'पांगळे' तर नाहीच. सरकारने सन्मानाचा म्हणून जो शब्द दिला तोच वापरला. पत्रिकेचा कच्चा कागद घेऊन मी सत्कारमूर्तींच्या घरी निघालो. पहिलेच घर एका मावशींचे होते.

मावशींविषयी थोडे सांगितले पाहिजे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि आपला तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा हादरला, त्या पहाटे माळवदाची माती आणि लाकडे त्यांच्या पाठीवर पडली. तेव्हा त्या बावीस वर्षांच्या होत्या. जीव वाचला, पण कमरेखालचे अंग गेले. तेव्हापासून त्या घरात आहेत. जुने गाव होते तेव्हा घराला घर लागून होते. बाजेवर पडल्या पडल्या चार घरांचे बोलणे कानावर येई. पुनर्वसनात नवे गाव बसले ते आखीव, रुंद रस्त्यांचे, लांब लांब प्लॉटांचे. घर पक्के झाले आणि माणूस दूर गेला. धडधाकट माणसाला हे अंतर जाणवत नाही. ज्याचे जग दारातून दिसते तेवढेच आहे, त्याला ते फार जाणवते.

मी ती ओळ वाचून दाखविली. मावशी म्हणाल्या, "आरं बाळा, देव तर माझ्या बापानं पाटीत घालून नदीला सोडले. आन् आता तुम्हीच मला देवाचं अंग म्हणताव व्हय?"

मी गडबडलो. शब्द सरकारी आहे, मानाचा आहे, कागदोपत्री हाच चालतो, असे काहीबाही सांगू लागलो. मग विचारले, "मग काय लिहू?" त्या म्हणाल्या, "घरी असती म्हणून लिही. पडून हाय म्हणू नको. मी पडून नसती." आणि हे खरेच होते. समोर अर्धी शिवलेली वाकळ होती, बाजूला निवडलेली तूर होती, आणि शेजारची दोन पोरे त्यांच्याकडे पाढे म्हणायला बसली होती. इतकी वर्षे आम्ही सर्वजण, मी शिकलेला धरून, त्यांच्याविषयी 'बाजंवर पडून हाय' असेच बोलत आलो होतो.

वाचकहो, प्रश्न एका पत्रिकेतील एका ओळीचा आहे असे मला आधी वाटले. नंतर विचार करू लागलो तेव्हा लक्षात आले की या प्रश्नाशी आपली ओळख फार जुनी आहे.

मावशींच्या पत्र्याच्या पेटीत कागदांची एक पिशवी आहे. एका कागदावर त्या 'भूकंपग्रस्त' आहेत. एकावर 'अपंग' आहेत, कारण तो दाखला जुना आहे. नव्या कार्डावर 'दिव्यांग' आहेत. संजय गांधी योजनेच्या कागदावर 'निराधार' आहेत. भाऊ, भावजय आणि भाचे यांच्यात राहणाऱ्या बाईने स्वतःला निराधार लिहून द्यावे तेव्हा अनुदान मिळते. जातीच्या दाखल्यावर त्या आणखी निराळ्या आहेत. एवढ्या कागदांत 'घरी असते' असे कुठेही नाही. घराबाहेर पडू न शकणे ही तिच्या जगण्यातील सर्वांत मोठी गोष्ट, तिच्यासाठी कोणत्याही कार्यालयात रकाना नाही.

नको असलेला शब्द कागदावर वागवावा लागणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात जात टाकली, पण केंद्राच्या सवलतींसाठी बौद्धांना अनुसूचित जातींत धरले गेले ते १९९० साली. आजही दाखल्यासाठी आपण जी जात सोडली तिचे नाव लिहितो. 'नवबौद्ध' हा शब्द तर अजून सरकारी योजनांच्या मथळ्यांवर आहे. धम्मक्रांतीला सत्तर वर्षे होत आली, तिसरी-चौथी पिढी जन्माला आली, तरी आपण 'नव'च! तो शब्द आपण अर्जावर लिहितो; घरात, विहारात, लग्नपत्रिकेवर लिहीत नाही. हा भेद आपण न शिकताच पाळत आलो.

मावशीही नेमके हेच करीत होत्या, आणि ते समजायला मला दोन दिवस लागले. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ८५ वर्षांवरील आणि ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या मतदारांना घरी मतदान करण्याची सोय प्रथमच देशभर झाली. त्यासाठी नमुना १२-ड भरून द्यावा लागे. मावशींनी तो भरला आणि त्यावर 'दिव्यांग' म्हणून सही केली. पथक दारात आले, मतपत्रिका आली, पोलीस आला, चित्रीकरण करणारा आला. गल्ली जमा झाली. एकतीस वर्षांत सरकार त्यांच्या उंबऱ्याला आले ते असे. मी त्यांना म्हणालो, "तेव्हा सही केली की हो तुम्ही त्या शब्दाखाली." त्या म्हणाल्या, "ते मतासाठी लिहिलं. हे तुम्ही मानासाठी लिहिताव."

अर्जावर लिहिलेला शब्द शिधापत्रिकेसारखा असतो. त्याने धान्य मिळते, तेवढाच त्याचा उपयोग. पण जेथे आपलीच माणसे आपल्याला मान द्यायला येतात, तेथे शब्द दुसऱ्याने ठरवून आणावा हे मावशींना मान्य नव्हते. मला वाटते, हीच गोष्ट आपल्या समाजाने एकदा फार मोठ्या प्रमाणावर सांगितलेली आहे.

आठवा. १९३३ साली गांधीजींनी 'हरिजन' नावाचे साप्ताहिक सुरू केले. शब्द गोड होता. देवाची माणसे! पण ज्यांना हे नाव दिले त्यांच्यासाठी देवळाचे दार बंद, पाणवठा बंद. जानेवारी १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत स्थानिक मंडळांविषयीच्या दुरुस्ती विधेयकातून हा शब्द कायद्यात आणला जात होता, तेव्हा भाऊराव गायकवाडांनी विरोध केला. बहुमताने तो फेटाळला, आणि बाबासाहेब आपल्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या सभासदांसह सभागृहातून बाहेर पडले. जातीच्या दाखल्यात 'हरिजन' लिहू नये असे केंद्र सरकारने राज्यांना कळविले ते १९८२ साली. मधली चव्वेचाळीस वर्षे तो शब्द आपल्या माणसांच्या अंगावर होता. उलट 'दलित' हा शब्द पाहा. १९७२ साली पँथरच्या तरुणांनी तो छातीवर लावला तेव्हा त्यात गोडवा काहीच नव्हता; पिचलेला, भरडलेला एवढाच अर्थ. तरीही तो झोंबला नाही, कारण तो त्यांनी स्वतः उचलला होता. (पुढे आपल्यापैकीच अनेकांनी 'आम्ही दलित नाही, बौद्ध आहोत' म्हणून तो सोडला. तेही आपणच.)

आता 'दिव्यांग' कोठून आला ते पाहू. २७ डिसेंबर २०१५ रोजी प्रधानमंत्र्यांनी आकाशवाणीवरील भाषणात 'विकलांग' ऐवजी 'दिव्यांग' म्हणावे असे सुचविले. काही महिन्यांत खात्याचे नाव बदलले. अपंगांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनांनी जानेवारी २०१६ मध्येच पत्र लिहून हरकत घेतली होती की, अपंगत्व ही काही दैवी देणगी नव्हे, आणि शब्द बदलल्याने वागणूक बदलत नाही. २०१९ साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या समितीनेही भारताविषयीच्या आपल्या निरीक्षणांत या शब्दाबद्दल नापसंती नोंदविली. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की २०१६ चा कायदा चांगला आहे. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, या कायद्यात एकवीस आहेत. आणि आमच्या तालुक्यात असे तरुणही मला माहीत आहेत जे अभिमानाने आपल्या संघटनेच्या फलकावर 'दिव्यांग' लिहितात. त्यांना जाऊन 'तुमचा शब्द चूक' म्हणणारा मी कोण? तो त्यांनी घेतला आहे. मावशींनी घेतलेला नाही.

परंतु आपण बौद्ध आहोत, आणि बौद्ध म्हणून या शब्दाकडे पाहताना आणखी एक अडचण येते. 'दिव्य' म्हणजे देवलोकीचे. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाने देवाच्या नावाने कोणाचा गौरव करावा? ही केवळ शब्दाची तांत्रिक हरकत आहे असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. आपल्या खेड्यात एखादे मूल पायाने अधू जन्मले की शेजारीण म्हणते, 'मागल्या जन्माचं पाप.' शहरातला सुशिक्षित म्हणतो, 'देवाने काहीतरी विशेष दिले आहे.' एक शिवी देतो, दुसरा आरती ओवाळतो. पण दोघांनीही कारण आकाशात नेऊन ठेवले आणि दोघेही दाराची पायरी तोडायला मोकळे राहिले नाहीत. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी पूर्वजन्मीच्या कर्माच्या सिद्धांतावर जी टीका केली आहे तिचा रोख हाच आहे. दीनदुबळ्यांच्या स्थितीची जबाबदारी समाजाने व राज्याने झटकून टाकावी, यापलीकडे त्या सिद्धांताचा दुसरा हेतू त्यांना दिसला नाही. पापाला हे लागू असेल तर दिव्यत्वाला का नाही? मावशींची पाठ माळवदाने मोडली. त्यात पाप नव्हते आणि दिव्य तर काहीच नव्हते; दगडमातीचे वजन होते.

येथे मला खुज्जुत्तरेची कथा सांगितल्यावाचून राहवत नाही. धम्मपदाच्या अट्ठकथेत ती आली आहे. कोसंबीच्या उदेन राजाची राणी सामावती. तिची दासी उत्तरा पाठीने कुबडी होती, म्हणून 'खुज्जा' हा शब्द तिच्या नावालाच चिकटला. रोज आठ नाणी घेऊन ती फुले आणायला जाई. चार नाण्यांची फुले आणी आणि चार स्वतः ठेवी. एके दिवशी माळ्याच्या घरी तथागतांचा उपदेश तिच्या कानी पडला, आणि त्या दिवशी तिने आठही नाण्यांची फुले आणली. राणीने विचारले, आज फुले इतकी कशी? तिने चोरी कबूल केली आणि जे ऐकले ते सांगितले. सामावती आणि तिच्या सख्यांनी मग या दासीला उंच आसनावर बसविले, आपण खाली बसल्या आणि धम्म ऐकला. पुढे हाच क्रम झाला. उत्तरा बाहेर जाई, ऐके, येऊन सांगे. 'इतिवुत्तक' हा ग्रंथ तिच्याच स्मरणातून आला अशी परंपरा आहे, आणि बहुश्रुत उपासिकांत भगवंतांनी तिला अग्रस्थान दिले.

आता या कथेत घराबाहेर पडू न शकणारे कोण? कुबडी उत्तरा नव्हे. हातीपायी धड, रेशमात गुंडाळलेल्या राण्या! तथागत रस्त्याने जाताना दिसावेत म्हणून त्यांनी महालाच्या भिंतीला भोके पाडली असे अट्ठकथा सांगते. म्हणजे माणूस घरात अडकतो तो अवयवामुळेच अडकतो असे नाही. पहारा, रीत, भिंत, पायरी, सोबतीला माणूस नसणे, यांनीही अडकतो. आमच्याकडे दिवाळीनंतर तरणी माणसे ऊसतोडीला गेली की म्हातारी माणसे चार-पाच महिने उंबऱ्यात असतात. पाय आहेत, पण धरून नेणारा हात साखर कारखान्याच्या फडावर आहे. त्यांना कोणता दाखला द्याल? आणि दुसरी गोष्ट, 'खुज्जा' हे नाव कोणी बदलले नाही. त्याचे मी समर्थन करीत नाही. आज ते आपण करू नये. पण तिचा मान वाढला तो आसनामुळे आणि तिचे बोलणे ऐकून घेतल्यामुळे वाढला.

तर मग शब्दांना महत्त्व नाही काय? आहे. १९३६ च्या मुंबईतील महार परिषदेत बाबासाहेबांनी धर्मांतराच्या जोडीने नामांतराचा विचार मांडला, तो उगाच नव्हे. माझ्या आजोबांना गावात अर्ध्या नावाने हाक मारीत. मला 'गुरुजी' म्हणतात. त्या हाकेने पाठीचा कणा सरळ होतो हे मी अनुभवाने सांगतो. पण मज्झिम निकायातील अरणविभंग सुत्तात भगवंतांनी भाषेविषयी जे सांगितले आहे ते फार उपयोगी आहे. एकाच भांड्याला निरनिराळ्या जनपदांत निरनिराळी नावे आहेत. आपल्याच नावाला घट्ट धरून 'हेच खरे, बाकी खोटे' म्हणून भांडू नये, आणि लोकांच्या रूढ बोलण्याला तुडवूनही जाऊ नये. समोरचा ज्या नावाने ओळखतो त्या नावाने त्याच्याशी बोलावे. जेथे भांडे आहे तेथे माणूस ठेवून पाहा. सरकारी शब्द कागदावर आहे म्हणून त्याच्याशी वितंडवाद नको. आणि तो आहे म्हणून मावशींच्या दारात तो घेऊनही जायला नको.

आपला इतिहास सगळाच उजळ आहे असे मात्र समजू नये. विनयाच्या महावग्गात प्रव्रज्या कोणाला देऊ नये याची यादी आहे. हातपाय तुटलेले, कुबडे, आंधळे, मुके, बहिरे तीत आहेत. संघ भिक्षेवर, पायी हिंडून जगत होता, म्हणून असे झाले असेल, असे स्पष्टीकरण मी अनेकदा ऐकले आहे. मला ते पुरते पटत नाही. पण त्याच परंपरेत वक्कली आहे. राजगृहात एका कुंभाराच्या घरी तो आजारी होता, येऊ शकत नव्हता. त्याने निरोप पाठविला आणि भगवंत स्वतः गेले. त्यांना पाहून वक्कली उठू लागला, तेव्हा ते म्हणाले की तू हलू नकोस, येथे आसने मांडलेली आहेत, मी तेथे बसेन. मला हा प्रसंग वाचताना दरवेळी वाटते की आपल्या विहारांचे पाय येथेच अडखळतात. आपण निरोपाची वाटही पाहत नाही, आणि गेलोच तर हार घेऊन जातो, छायाचित्र काढतो.

कारण सत्कारासाठी मावशींना विहारात आणायचे होते, आणि आमच्या विहाराला पाच पायऱ्या आहेत. माझ्या शाळेला रॅम्प आहे, मतदान केंद्र तेथेच असल्याने तो दरवेळी डागडुजी होऊन मिळतो. विहाराला नाही. आमचा बेत असा होता की चार पोरांनी खुर्ची उचलायची. मावशींना हे कळले तेव्हा त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मयताला चारजण लागतेत." विहाराच्या हजेरीवहीत त्यांच्या नावापुढे किती वर्षे 'गैरहजर' लिहिले आहे ते मी नंतर पाहिले. अक्षर दोन वर्षांपासूनचे माझे आहे. शाळेतही आम्ही असेच करीत होतो. बहुविकलांग मुलाला घरी राहून शिकण्याचा पर्याय शिक्षण हक्क कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने आला, तरी सर्वेक्षणात अशी मुले कित्येकदा 'शाळाबाह्य' म्हणूनच उतरतात. शाळा त्याच्यापर्यंत गेली नाही, तरी बाहेरचे ठरते ते मूल.

पत्रिका छापायला गेली तेव्हा पाचवी ओळ मी काढून टाकली. समितीतील एक ज्येष्ठ माझ्यावर रागावले. त्यांचे म्हणणे असे की, चांगला शब्द चांगल्या मनाने वापरला त्यात एवढे काय, आणि एका बाईच्या बोलण्यावरून कार्यक्रम बदलायचा काय? त्यांचे मन चांगलेच आहे, याची मला खात्री आहे. 'हरिजन' म्हणणाऱ्यांतही पुष्कळांचे मन चांगले होते.

वर्षावासातील 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चे शेवटचे पाच दिवसांचे वाचन आम्ही विहाराऐवजी मावशींच्या अंगणात केले. पहिल्या दिवशी चौदाजण आले, दुसऱ्या दिवशी नऊ, मग सहा. लांब पडते, अशी तक्रार आली. मावशी दोन्ही प्रश्नोत्तरांच्या वेळी भरपूर बोलल्या; एका भागावर तर त्यांनी मला अडविले आणि पुन्हा वाचायला लावले. रॅम्पचा विषय समितीपुढे आहे. प्रवेशद्वाराच्या कमानीसाठी जमलेल्या वर्गणीतून तो करावा की नाही यावर दोन मते आहेत, आणि गवंड्याकडून खर्चाचा अंदाज आणण्याचे काम अर्थातच माझ्याकडे आहे. हजेरीवहीत 'गैरहजर' बंद केले. त्या जागी कोणता शब्द घालावा हे मावशींना विचारले, तर त्या म्हणाल्या, माझ्या एकटीच्या शब्दावर चालवू नका, एकेकाला विचारून या. आमच्या वस्तीत अशी अकरा घरे निघाली. मला सहा माहीत होती. आजवर सात घरी जाऊन आलो आहे, चार राहिली आहेत.